पडद्याकडे पाठ

हबीबभाई सिनेमा बघायला आले की खुर्ची उचलायचे, पडद्याच्या बाजूला नेऊन ठेवायचे आणि लोकांकडे तोंड करून बसायचे. पडद्याकडे पाठ. चंद्रपूरच्या एका कॉलेजात माझी फिल्म पहिल्यांदा दाखवली, तेव्हा तिथल्या प्राध्यापकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे कोण बसलेत? पोलिसांपैकी आहेत का?" मी म्हटलं, "नाही, मूलचे टेलर आहेत." याहून जास्त समजावून सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं.

मूल गावाच्या बाजारात त्यांचं एका मशीनचं दुकान होतं. पावसाळाभर ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायचे. दिवाळी झाली, गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरायला लागली, की दुकानाला कुलूप लावून नाटक कंपनीबरोबर निघायचे ते होळीलाच परत. कंपनीचे पडदे तेच शिवायचे आणि स्टेजवर पडद्याची दोरीही तेच ओढायचे. तीस-एक वर्षं विंगेत उभं राहून त्यांनी नाटक बघितलंच नाही, नाटक बघणारे बघितले. "नट काय करते ते मले काय पाह्यचं? तो रोज तेच करते," असं म्हणायचे. "लोक रोज येगळे असते. तोंड खोटं बोलते बावा, पाय नाई बोलत. पाय हालून राह्यले का समजाव, पडदा पाडाची येळ झाली."

मी त्याच गावचा, लग्नांचं शूटिंग करणारा माणूस. वरमाला, हळद, ड्रोन, हेच माझं पोट. पण डोक्यात किडा होता, म्हणून बावीस मिनिटांची ती फिल्म केली. जंगलाला लागून असलेल्या गावातली एक बाई. नवऱ्याला वाघाने नेलेलं. ती रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढते, त्याच्यासमोर बसून राहते आणि तसंच उचलून ठेवते. एके दिवशी त्याच्या जागेवर जाऊन बसते आणि त्याच्या ताटातलं जेवते. जेवायला सात मिनिटं लागतात. तेवढा वेळ कॅमेरा हलत नाही. गाणं नाही, संवाद नाही, वाघ तर नाहीच नाही.

कॉलेजात त्या सात मिनिटांतल्या दुसऱ्याच मिनिटाला मागून आवाज आला, "सर, अडकली काय?" लॅपटॉपवर बसलेल्या पोराने घाबरून कुठलं तरी बटण दाबलं आणि फिल्म पुढे पळाली. ती मागे आणेपर्यंत निम्मे लोक हसत होते. नंतर प्रश्नोत्तरं झाली. एकाने विचारलं, संदेश काय? दुसरा म्हणाला, बाईला डॉक्टरकडे नेताना दाखवायला हवं होतं. मी माईक धरून उभा होतो आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होतो.

परत येताना एसटीत हबीबभाईंनी हिशेब दिला. "लई खोकलले. लोक खोकलून राह्यले मतलब मन लागत नाई. पण झाडू मारणारी बाई होती ना दरवाज्यापाशी, ते नाई हालली. झाडू हातात तसाच."

"ते जाऊ द्या," मी म्हटलं. "तुम्हाला फिल्म कशी वाटली?"

"मी कुठी पाह्यली?"

मला असा संताप आला! ज्यांनी बघितली त्यांना कळली नाही आणि ज्याला कळण्याची शक्यता होती त्याने बघितली नाही. म्हटलं, "एकदा तरी सरळ बसून बघा की हो."

"पाहीन ना. काऊन घाई करून राह्यला?" म्हणाले आणि भद्रावतीच्या कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या मापाच्या गोष्टी काढून बसले.

गावात दाखवायची कल्पना त्यांचीच. "हॉलमंधले लोक घड्याळ पाहत येते. मंडईतले लोक पाह्यलेच येते." त्यांनी मांजरपाटाचे चार पट जोडून मोठा पांढरा पडदा शिवला आणि कंपनीच्या मालकाला गळ घातली. संध्याकाळी नाटकाला लोक जमायला लागले की आधी प्रोजेक्टर लावून माझी फिल्म. तिथे मात्र त्यांना खुर्ची टाकून बसता येत नव्हतं. वारा आला की कापड फुगायचं. "तू समोर मशीन पाह्य, मी मागून दोर धरतो," म्हणायचे आणि पडद्यामागे जाऊन उभे राहायचे.

गावातली तऱ्हा कॉलेजापेक्षा वाईट, असं मला तेव्हा वाटलं. एक जण मोठ्याने म्हणाला, "आमच्या शिवारात वाघ रोज दिसते, अन् याच्या फिल्ममंधीच काऊन नाई?" पोरांनी 'वन्स मोअर' ओरडून घेतलं. पुढे पोत्यावर बसलेल्या एका म्हातारीने तर पडद्यावरच्या बाईशी बोलायलाच सुरुवात केली. "भात निवून राह्यला ना माय, जेव ना आता." बाजूची म्हणाली, "मीठ नाई वाढलं वो तिनं." मी डोक्याला हात लावला. हबीबभाई मागून आले तेव्हा मी चिडून सांगितलं, "टिंगल करतात तुमचे लोक."

"टिंगल नव्हे रे येड्या. जेव म्हणते ना तिले? मंग अजून काय पाह्यजे तुले?" एवढंच म्हणाले आणि पडद्याची घडी घालत बसले. कॉलेजात कोण कितीदा खोकललं ते सांगणारा माणूस गावातल्या खेळांनंतर गप्प असायचा. मी समजायचो, दोर धरून हात भरून आले असतील.

मग मी शहाणपणा केला. एका स्पर्धेत फिल्म पाठवायची होती. तिथल्या जाणकार माणसाने फोनवर सांगितलं, चांगली आहे, पण ते जेवण एका मिनिटात बसवा, लोक सहन करत नाहीत. लोक सहन करत नाहीत हे तर मी महिनाभर स्वतःच्या डोळ्यांनी बघत होतो. बसलो आणि कापलं. बाई पहिला घास उचलते आणि फिल्म संपते. होळीच्या तोंडावर सावली तालुक्यातल्या एका गावात हीच कापलेली फिल्म दाखवली. कोणी ओरडलं नाही, कोणी खोकललं नाही, शेवटी चक्क टाळ्या पडल्या. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

हबीबभाई पडद्यामागून बाहेर आले. नेहमी इस्त्री केल्यासारखी घडी घालणारा माणूस, त्या दिवशी पडदा चुरगाळून पिशवीत कोंबला. मोटरसायकलवर बसा म्हटलं, तर नाटकवाल्यांच्या टेम्पोत जाऊन बसले. पुढे दोन महिने दुकानासमोरून गेलो तरी मशीनवरून मान वर करायचे नाहीत. माझंही डोकं फिरलं. ज्याने फिल्म बघितलीच नाही, त्याला राग कशाचा?

उन्हाळ्यात ते आजारी पडले. छातीचं दुखणं होतं. चंद्रपूरला दवाखान्यात ठेवलं आणि पंधरा दिवसांनी घरी आणलं, तेव्हा मी राग गिळून भेटायला गेलो. दुकानामागच्या खोलीत एकटेच पडले होते. बायको मेहरुन आधीच वारली होती. मी बसलो. पाणी दिलं. वरच्या पंख्याकडे बघत ते म्हणाले, "तू तिले जेवूच नाई देल्लं."

मला कळलंच नाही. "कोणाला?"

"त्या बाईले. घास उचलला का पाडला तू पडदा. सात मिन्टं जेवत होती बिचारी. परक्यानं उठवलं असतं तं गोष्ट येगळी, तू तं घरचा."

"लोक कंटाळत होते, हबीबभाई. कोणाला काही समजत नव्हतं."

"समजत नाई?" ते कोपरावर उठून बसायला गेले. "अबे, बाई डाव्या हातानं जेवून राह्यली! माणसाचं भान गेलं का त्याले उजवा-डावा समजत नाई, हे दाखवलं ना तू? याच्याहून जास्त काय समजावून सांगाव माणसानं? मी तं पहिल्या दिवशीच म्हटलं, हा पोट्टा हुशार आहे."

माझ्या फिल्ममधली बाई उजव्या हाताने जेवते. दुसऱ्या कुठल्या हाताने जेवेल? मी तिला तसं सांगितलंच नव्हतं.

"माझ्या घरी पोरगा गेला तवा दोन वर्षं तिसरं ताट लागत होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "मेहरुन वाढायची, मी उचलत होतो. एक दिवस ते त्या ताटावर बसून जेवली. मी दारात उभा राह्यलो. किती टाइम लागला मले नाई सांगता येत. पण मी तिले उठवलं नाई." मग कुशीवर वळले. "लोकायच्या समोर बसून हे पाहता येत नाई बावा. म्हणून मांगं उभा राहत होतो."

घरी परतताना रेल्वे फाटकापाशी थांबलो होतो, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पातळ मांजरपाटावर चित्र मागूनही दिसतं, फक्त उलटं. उजवा हात डावा होतो. सहा गावांत, सहा वेळा, हा माणूस दोर धरून माझी फिल्म बघत होता, आणि मी मात्र समोरच्या पोरांचे 'वन्स मोअर' मोजत बसलो होतो. ज्याच्यासाठी ती केली असं म्हणता येईल असा एकच प्रेक्षक मला मिळाला होता, आणि मी त्यालाच कधी नीट विचारलं नाही. त्या जाणकारापेक्षा मला स्वतःचाच जास्त राग आला.

रात्री बसून ती सात मिनिटं परत जोडली. दोन दिवसांनी लॅपटॉप घेऊन निघणार होतो, तेवढ्यात ते गेल्याचा निरोप आला. डाव्या हाताची गोष्ट खरी नाही, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं, आणि ते बरंच झालं. माझ्या हातून झालेली तेवढी एकच हुशारी त्यांच्याजवळ राहू दे.

या वर्षीच्या मंडईत तोच पडदा घेऊन गेलो. चुरगाळलेला होता, इस्त्री करून घेतला. प्रोजेक्टरवर एकाला बसवलं आणि फिल्ममधल्या बाईचं ताट वाढून झाल्यावर पडद्यामागे गेलो. वारा होता. दोर धरला. समोरून कोणी तरी ओरडलं, "अडकली काय रे?" मग खोकले सुरू झाले. मी पाय-बिय काही बघितले नाहीत. कापडावर ती बाई बसली होती, मधून हबीबभाईंची शिवण गेलेली, आणि डाव्या हाताने सावकाश जेवत होती. तिचं होईपर्यंत मी दोर सोडला नाही.