उमाची ढाल

उमाचं काळजी करणं बदलापूर गावातल्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. गॅस बंद केलाय ना हे बघायला ती अर्ध्या जिन्यातून परत फिरायची. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली ही बाई अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात नमुने तपासायची, आणि पास झालेला नमुनाही पुन्हा तपासल्याशिवाय सही करायची नाही. नवरा श्यामकांत चेष्टेनं म्हणायचा, "मलासुद्धा हिनं दोनदा बघूनच पसंत केलं."

त्यात त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, शौनकनं, इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं आणि घराबाहेर पडणंच बंद केलं. दिवसभर खोलीत बसून बोटाएवढ्या प्लास्टिकच्या सैनिकांना तो बारीक ब्रशनं रंग देत राही. टेबलावर खेळायच्या लढाईतले ते सैनिक. समजावून झालं, ओरडून झालं, रडूनही झालं. मग एका दुपारी उमा त्याच्यासमोर बसली.

"मला शिकव."

"तुला कंटाळा येईल."

"येऊ दे. हा पांढऱ्या डोळ्यांचा कोण?"

तो सायकर होता, नुसत्या मनाच्या बळावर लढणारा. त्याच्यासाठी दोन फासे टाकायचे. ठरलेला आकडा आला तर त्याची शक्ती चालते, पण दोन्हींवर सहा पडले तर फटका त्यालाच बसतो. "एका पाळीत सायकर दोन शक्ती काढू शकतो, पण समोरच्याचा सायकर फासे टाकून त्यातली एकच अडवू शकतो. म्हणून कुठली आधी काढायची, त्यातच सगळी गंमत आहे," शौनक म्हणाला. कित्येक दिवसांत तो एवढं सलग बोलला नव्हता.

उमा रोज खेळू लागली. पण दर पाळीला तिची शक्ती एकच, आपल्या माणसांभोवती अदृश्य ढाल.

"आई, ढालीनं कुणी जिंकत नाही."

"मरत तर नाही ना?"

उल्हासनगरला एका कापडाच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर रविवारी हा खेळ रंगायचा. शौनकच्या जुन्या मित्रानं, सुजितनं, जोडीच्या सामन्यात आपल्याबरोबर परस्पर त्याचं नाव घातलं, आणि शौनक कसा कोण जाणे हो म्हणाला. पण ऐन सामन्याच्या सकाळी सुजितचा फोन आला, कंपनीत ओव्हरटाइम लागलाय. शौनक बूट काढू लागला. आज हा खोलीत परत गेला, तर पुन्हा कधी बाहेर येईल?

"मी येते जोडीला," उमा म्हणाली.

"तू?"

"का, नियमात वय लिहिलंय?"

दुकानमालकाचा मुलगा हितेश समोरच्या जोडीत होता. "अरे, मम्मी को पार्टनर बनाया? आओ आंटी, बैठो!"

"आधी हा पंखा कमी कर. माझे सैनिक पडतील."

सगळे हसले. शौनक मात्र मान खाली घालून बसला.

पहिल्या पाळीला उमानं ढाल काढली. हितेशच्या सायकरनं ती अडवली, शौनकचे सैनिक पडले. दुसऱ्या पाळीलाही तेच, तिसऱ्यालाही तेच. "आंटी, फिर ढाल?" हितेश आता तिनं तोंड उघडायच्या आधीच फासे उचलून तयार असायचा.

शेवटची पाळी आली. टेबलाच्या मध्यावरच्या चौकात ज्याचा सैनिक शेवटी उभा, तो जिंकणार. शौनकचे उरलेले सैनिक पार लांब, पडक्या भिंतीमागे दडलेले.

"राहू दे आई. हरलो आपण," शौनक पुटपुटला. त्याची नजर जिन्याकडे होती.

उमानं हितेशच्या मुठीतल्या फाशांकडे पाहिलं. आपण काय करणार हे इथे सगळ्यांनाच पाठ झालंय, तिच्या मनात आलं.

"ढाल," ती म्हणाली. आवाजात काळजी होती. ती काही आणावी लागली नाही.

"सॉरी आंटी!" हितेशनं फासे टाकले आणि ढाल अडवली.

"असू दे. माझ्या सायकरची अजून एक शक्ती शिल्लक आहे. भिंतीमागच्या सैनिकांना उचलून चौकात ठेवते."

हितेशनं पुन्हा फासे उचलले आणि तसेच खाली ठेवले. त्याचं अडवून झालं होतं.

"आई, तिथे आडोसा नाही," शौनक घाईनं म्हणाला. "उघड्यावर पडतील सगळे."

"माहितीये."

फासे घरंगळले, आकडा आला. शौनकनं एकेक सैनिक स्वतःच्या हातानं चौकात ठेवला. मग हितेशच्या बंदुका चालल्या. एक पडला, दुसरा पडला, आणखी पडले. उमानं डोळे मिटून घेतले.

"दोन उरले," शौनक म्हणाला. मग ओरडलाच, "आई, दोन उरले!"

हितेशनं कपाळावर हात मारला. "आंटी ने मामू बनाया यार! शौनक, अगला गेम मेरे साथ खेल. मेरा पार्टनर निकल रहा है."

शौनकनं आईकडे पाहिलं. "तू निघ. मी थांबतो थोडा."

जेवशील काय, येशील कसा, किती वाजतील, सगळं उमाच्या ओठांवर आलं. तिनं पर्स उचलली आणि जिना उतरली.

खाली ताग्यांच्या ढिगाशी ती थबकली. वर कुणीतरी तावातावानं भांडत होतं, "अरे, रेंज में नहीं है वो! नापके देख!" तो शौनकचा आवाज होता.

"बोलो बहनजी, क्या दिखाऊँ?" हितेशच्या वडिलांनी गादीवरून विचारलं.

"काही नको हो," उमा म्हणाली. "माझा मुलगा वर खेळतोय."

आणि ती रिक्षा बघायला रस्त्यावर आली.