भाऊ, बॉम्ब आणि आखाजीचे मांडे

त्या वर्षी भाऊ आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, सुट्टीला घरी आला आणि नेमकी त्याच आठवड्यात पेपरात ती बातमी आली. लढाई संपून वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे गावात असल्या गोष्टींना नुसता ऊत! कुठल्या तरी देशानं म्हणे विमानातून सोडायचा नवा बॉम्ब करून पाहिला होता. साधा नाही हं. सोडला की सरळ खाली पडत नाही, वाटेत आपला आपण वळतो आणि सांगितलेल्या जागीच जाऊन पडतो. पूल म्हटलं तर पूल, खिडकी म्हटली तर खिडकी!

आणि आमचा भाऊ हवाई दलात! मग काय, संध्याकाळी अख्खं गाव आमच्या ओट्यावर.

"आत पारवा बसाडेल व्हई," शेजारचे तात्या म्हणाले. "पारवा घर बरोबर सोधस."

"पारवा मरी जाई ना, तात्या!"

"मरी जाई, पन पत्त्यावर."

कोणी म्हणे, पतंगासारखा दोरा असणार, वरून विमानवाला ढील देत असणार. मी मध्येच ओरडले, त्याला काचेचा एक डोळा असतो, त्यानं तो बघत बघत जातो! मी बारा वर्षांची, माझं कोण ऐकतंय.

मग सगळे भाऊकडे वळायचे. "तू सांग ना रे भो, कसा वळस तो?"

"माले काय माहीत? मी तठे सैपाक करस."

लोक हसून हसून लोळायचे. तात्यांनी तर डोळा मारला. "बरोबर शे! फौजनी गोष्ट सांगता थोडी येस!"

आणि गंमत म्हणजे ते खरं होतं. भाऊ तिथं आचारीच होता. बराकीच्या बराकी जेवतील एवढी कणीक मळायचा, वरण करायचा. मला माहीत होतं, मायला माहीत होतं, आबांनाही माहीत होतं. पण ओट्यावर हशा पिकला की आबा तंबाखू मळत दुसरीकडे बघायचे. हो नाही, की नाही नाही. आत आल्यावर भाऊला दटावायचे, "लगीन ठरू दे. मंग सांग काय सांगनं ते."

कारण आखाजीच्या दिवशी तापीकाठच्या एका गावाहून मुलीकडचे घर बघायला येणार होते. ती मुलगी भाऊनं सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत पाहिली होती. घोड्यानं तिच्या हातातली जिलेबी खाल्ली, आणि ती ओरडायच्या ऐवजी घोड्याला म्हणाली, "आजून लेस का?" एवढंच. हे भाऊनं मला इतक्यांदा सांगितलं की घोड्याचा रंगसुद्धा मला पाठ होता. आणि आता त्याला जेवण जात नव्हतं. म्हणायचा, ती बॉम्बवाल्याच्या घरात म्हणून येईल आणि मी तिच्यापुढे पोळपाट घेऊन बसेन. काय वाटेल गं तिला?

आखाजीच्या आदल्या दिवशी तो मायला पुरण वाटून देत होता. माय एकदम म्हणाली, "सारा लोक इचारतस, नेम चुकस का. मी इचारस, खाले पोरंसोरं खेळत व्हतीन, त तो मांगे फिरस का रे?"

भाऊचा हात थांबला. "माहीत नही, माय," तो म्हणाला. त्या संध्याकाळी ओट्यावर गप्पा सुरू झाल्या तसा तो उठून गोठ्यात गेला.

आखाजीला मुलीचे वडील आले आणि त्यांच्याबरोबर मुलीची फुई, म्हणजे त्यांची बहीण. अंगणात चूल पेटलेली, वर उलटं खापर तापलेलं, माय मांडे करत होती. पण सकाळी तिच्या मनगटाला चटका बसला होता. मांडा म्हणजे पुरणाची पोळी हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवायची आणि अलगद खापरावर टाकायची! दुखऱ्या हातानं जमणार कसं? एक फाटला. दुसरा चुलीत.

इकडे खाटेवर मुलीच्या वडिलांनी भाऊपुढे तेच काढलं. "आमले त सांगा. तो बॉम्बना नेम कधी चुकस का?"

आबांनी घसा खाकरला. भाऊनं एकदा आबांकडे पाहिलं, एकदा मायच्या हाताकडे. मग उठला, बाह्या वर केल्या, हात धुतले आणि मायला बाजूला केलं. गोळा घेतला. या हातावरून त्या हातावर, त्या हातावरून या हातावर, पोळी पातळ होत होत सूर्यप्रकाशात नुसती झिरमिर दिसायला लागली. आणि टाकली. खापरभर! एक सुरकुती नाही.

"मामा," तो मुलीच्या वडिलांना पाठमोराच म्हणाला, "माले इतलाच नेम येस. मी आचारी शे."

आबांचं तोंड तर विझल्या चुलीसारखं. मी मनात म्हटलं, गेली मुलगी. गेला तो घोडा, गेली ती जिलेबी.

फुईनं घडी घातलेला मांडा हातात घेतला, उलगडून उन्हात धरला, त्यातून आपल्या भावाकडे बघितलं आणि खाऊन टाकला. मग दुसरा मागितला. मुलीच्या वडिलांनी मान खाली घालून आमरस संपवला. हात धुतले. "कळावसू," एवढंच म्हणाले. कळवतो म्हणजे नाही, हे मलासुद्धा समजत होतं.

भाऊ त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला, मी त्याच्या मागे. बैल जुंपलेले. मुलीचे वडील चढता चढता थांबले.

"तुमले त्या बॉम्बनं खरंच काही माहीत नही?"

"नही, मामा."

"मंग गावले आधीच काबरं नही सांगं?"

"सांगं ना. रोज सांगं. कोनी ऐकंच नही."

ते बघतच राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि फुई तर पदर तोंडात कोंबून हसत होती.

"आमनी पोर ऐकी लेई," ते म्हणाले आणि गाडीत चढले. ऐकून घेईल म्हणजे हो, हेही मला समजलं.

भाऊ तिथंच उभा. त्याच्या कोपराला पीठ लागलेलं होतं, ते मी माझ्या ओढणीनं पुसलं. गाडी वळणावर गेली तरी तो हलेना.