अक्षता पडू द्या!

कामगारांच्या केसेस घेतल्या की फायली एक दिवस बंद होतात, पण किस्से काही बंद होत नाहीत. दौंडच्या माझ्या ऑफिसात आलेल्या शोभाताई आणि सुमनताई तर चहा पिताना अजून आठवतात.

दोघी कुरकुंभच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला. सुमनताई रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हा शोभाताई भाचीसाठी केडगावला मुलाचं घर बघायला गेल्या. मुलगा ओळखीचाच, त्यांच्याच पॅकिंगमधला दत्तू. मुलीच्या मामांनी पगार विचारला, दत्तूनं सांगितला आणि शोभाताईंना पोह्यांचा ठसकाच लागला!

"आरं, काम तेच, मशीन तेच, मग मला कमी का?"

मामा म्हणाले, "ताई, पोरगा बघायला आलोय का युनियनच्या मीटिंगला?"

*

दोघी माझ्याकडे आल्या त्या पार दीड वर्षानं. मी सांगितलं, दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. शोभाताई नोकरीत आहेत, त्यांचं जमेल. सुमनताईंना रिटायर होऊन साडेतीन वर्षं झाली, त्यांची मुदत संपली. उशिराला सबळ कारण असेल तरच सुनावणी घेणारे साहेब माफ करतील.

सुमनताई हसल्या. "वकीलबाई, जल्मभर गोळ्यांवर एक्सपायरी छापली. माझ्यावर कुणी छापली, कळलंच न्हाई!"

*

सुनावणीला सुमनताईंचे यजमान आप्पा आले होते. आप्पांनी तरुणपणी मेंढरं राखलेली. कंपनीच्या वकिलानं व्हरांड्यात त्यांना समजावलं, "आजोबा, पुरुषांचं काम वेगळं धरतात."

आप्पा म्हणाले, "लोकर इकताना कुणी इचारत न्हाई, मेंढ्याची का मेंढीची!"

वकील पाणी प्यायला गेले.

*

आत त्याच वकिलानं सुमनताईंना पेचात धरलं. "शोभाताईंनी तुम्हाला लगेच सांगितलं होतं. तेव्हा मुदत शिल्लक होती. का थांबलात?"

सुमनताईंनी मागे वळून पाहिलं. मागच्या बाकावर साक्षीला आलेला दत्तू नव्या बायकोशेजारी, म्हणजे शोभाताईंच्या भाचीशेजारी बसला होता.

"बोला बाई," साहेब म्हणाले.

"ह्याचं वडील गेलं, लगीन वरीसभर लांबलं. तवा तक्रार केली असती तर साक्षीला ह्यालाच वढला असता. नोकरी गेली असती, सोयरीक मोडली असती. शोभाला म्हनलं, आधी अक्षता पडू द्या."

दत्तूनं मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

साहेबांनी उशीर माफ केला, दोघींचे दावे दाखल करून घेतले. मग पेन ठेवून सुमनताईंना विचारलं, "हा तुमचा कोण?"

"कोण न्हाई, साहेब. शेजारच्या मशीनवर असायचा."