मॅडमच्या नावावर खपवलेलं खोटं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. सांगायला गेले की तोंडात भलतंच येतं — भाजीचा भाव, पाण्याची मोटर, काहीही. आज तुम्हाला सांगते. मधे थांबवू नका, नाहीतर पुन्हा राहून जाईल.

वटार गावात आमची वाडी आहे. केळी, मोगरा, थोडी भाजी. एका अंगणात तीन चुली, आणि स्कूटर फाटकाबाहेर पडायच्या आत कोण कुठे निघालं ते तिन्हीकडे ठाऊक! अशा घरात माझी मुलगी प्राची दहावीत असताना भुवया उपटायला लागली. अभ्यासाला बसली की एकेक केस. जेवण अर्धं, बोलणं बंद. शाळेतल्या बाईंनी माणिकपूरच्या एका समुपदेशक मॅडमचं नाव सुचवलं.

घरी काय सांगणार? दातांना तार लावायचीय म्हटलं. दर गुरुवारी दातांचा डॉक्टर! सासूबाई एकदा तिचं तोंड उघडून बघत बसल्या — "एवढ्या फेऱ्या मारल्या गो, दात तर हाय तसेच!" हसा, मलाही हसू आलं होतं. पण मी सांगतेय ते खोटं हे नव्हे. हे किरकोळ.

पहिल्याच दिवशी मॅडमनी माझ्यासमोर तिला शब्द दिला होता — इथे येणं थांबवायचं झालं तर आपण दोघी मिळून ठरवू, तुला न सांगता मी थांबवणार नाही. प्राचीने मान डोलावली. चार-पाच गुरुवारांनंतर ती परतताना स्कूटरवर मागून बडबडायला लागली. आत काय बोलते ते मात्र सांगायची नाही. त्याचा मला राग यायचा, कशाला लपवू? जन्म मी दिला, आणि मनातलं ऐकणार परकी बाई? पण भुवया भरत होत्या. ते मला रोज दिसत होतं.

मग थोरल्या जावेने आम्हाला मॅडमच्या जिन्यावरून उतरताना पाहिलं. पाटी वाचली. तिच्या मुलीची सोयरीक चालली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "डोक्याच्या डॉक्टरकडे नेतेस होय पोरीला? पाहुणे चौकश्या करतात गो." बस, एवढंच. पुढे दोन वर्षं मी मनातल्या मनात तिच्या नावाने बोटं मोडली. पण तिने मला काही करायला सांगितलं होतं का? नव्हतं. केलं ते मी.

मी — कसं सांगू — मी मॅडमना फोन केला आणि म्हटलं, प्राचीला आता यायचं नाही. त्या म्हणाल्या, निदान एकदा निरोपाला तरी पाठवा. मी म्हटलं, तीच नको म्हणते, तुमच्याशी बोलायचंच नाही तिला. आणि प्राचीला सांगितलं — मॅडम म्हणाल्या तू बरी झालीस, तुझी वेळ त्यांनी दुसऱ्या मुलीला दिली.

चिडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "मला न सांगता?" मी हो म्हटलं. मानी पोर, तिने मॅडमना एकदाही फोन केला नाही.

जावेच्या मुलीचं लग्न थाटात झालं. प्राची आता कॉलेजला जाते, सकाळी पेन्सिलने भुवया रेखून. मला मनातलं काही सांगत नाही. वडिलांनाही नाही. आणि मी मूर्ख, मनाशी म्हणायचे, निभावलं एकदाचं!

गेल्या महिन्यात तिच्या उमेळे गावातल्या मैत्रिणीचा फोन आला. त्या मुलीचं बरेच दिवस बिनसलंय, कॉलेजला येत नाही, रडत बसते. मी ओसरीवर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होते. प्राची आतल्या खोलीत, दार उघडं. मैत्रिणीने समुपदेशकाकडे जाऊ का विचारलं असावं, कारण प्राची म्हणाली, "नको जाऊस. आधी सगळं बोलायला लावतात, आणि मग एक दिवस आईकडे निरोप देऊन आपल्याला काढून टाकतात."

दोन पावलांवर होते मी. एक वाक्य पुरलं असतं — ते मॅडमनी नाही गं, मी केलं.

मी उठले नाही. कळ्या निवडत राहिले. ती मैत्रीण अजून कुणाकडेच गेलेली नाही.