उगीच आपलं

लंडनमधल्या ज्या वाचनालयात मी काम करते, तिथे दर शनिवारी कृष्णवर्णीय मुलींचा एक वर्ग भरतो. चार लोकांपुढे उभं राहायचं, पुढाकार घ्यायचा, हे तिथे शिकवतात. शिकवणाऱ्या बाई त्यांच्यातल्याच, साठीच्या. त्यांचा एक नियम आहे. बोलताना कुणी विनाकारण ‘सॉरी’ म्हटलं, की बाकीच्यांनी तळहात वर करायचा आणि तिने वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं. आज एका शिडशिडीत मुलीच्या बोलण्यावर इतके हात उठले, की ती वैतागून म्हणाली, “मग सुरुवात तरी कशाने करू?”

पाय दुखत होते, पुस्तकं लावायची राहिली होती, तरी मी कपाटाशी थबकले. आमच्या मराठी बोलण्यात ‘सॉरी’ नसतं, ‘आपलं’ असतं. ‘मी आपलं विचारलं.’ ‘उगीच आपलं सुचलं म्हणून.’ आई असंच बोलायची, मीही बोलते. म्हणणं पुढे ठेवता ठेवताच मागे घ्यायचं. जन्मभर असं अंग चोरून बोलण्याचाही शीण येतो. तो पायांच्या दुखण्यात मिसळून जातो, म्हणून वेगळा कळत नाही इतकंच.

बंद करायची वेळ झाली. मी दारातून डोकावले. “सॉरी, कुलूप लावायचंय.”

“सॉरी, सॉरी, निघालोच,” म्हणत बाई थकल्या हातांनी खुर्च्या उचलू लागल्या.

त्यांच्या मागून त्या शिडशिडीत मुलीचा तळहात हळूच वर आला. आमच्यापैकी कुणासाठी, ते मी विचारलं नाही. दारातच उभी राहून माझं वाक्य पुन्हा पहिल्यापासून जुळवू लागले.