गायरानातला गोल्फ

कार्तिक लागला की डोणगावच्या गायरानावर सकाळी धुकं उतरतं. फार दाट नसतं, पण बाभळी अर्ध्याच दिसतात, आणि लांबच्या समृद्धी महामार्गावरच्या गाड्या दिसत नाहीत, त्यांची नुसती घरघर येते. त्या धुक्यात मोतीराम उभा असायचा. हातात लांब दांड्याची काठी, पायाशी पांढरा चेंडू. काठी खांद्यामागे जायची, जराशी थांबायची, आणि मग टक्‌ असा आवाज. चेंडू धुक्यात शिरला की तो पडल्याचा आवाज मोतीराम कान देऊन ऐकायचा.

गावाला याचं नवल उरलं नव्हतं. मोतीराम फौजेत होता. नोकरीची शेवटची वर्षं कामठीच्या छावणीत गेली, तिथल्या गोल्फच्या मैदानाची राखण त्याच्याकडे होती. गवत कापायचं, पाणी द्यायचं, आणि साहेबलोक घरी गेले की मोडक्या काठीनं फटके मारून पाहायचे. एका म्हाताऱ्या कर्नलनं त्याला असं खेळताना पाहिलं. रागवायचं सोडून त्यानं मोतीरामचे हात धरून काठी कशी पकडायची ते शिकवलं, आणि मोतीराम घरी निघाला तेव्हा आपल्या जुन्या काठ्यांची पिशवीच देऊन टाकली.

गावात आल्यावर मोतीरामनं शेती पाहिली, आणि गायरानावर आपलं मैदान मांडलं. तेलाचे रिकामे डबे जमिनीत पुरले, शेजारी लाल चिंध्यांच्या काठ्या रोवल्या. मेंढ्या गवत कुरतडून बारीक ठेवायच्या, ते काम तेवढं वाचलं. पण त्याचा जीव होता लांबच्या फटक्यात. मोठ्या बाभळीखालून मारलेला चेंडू नाल्यापलीकडे पडला, की त्याचा दिवस चांगला जायचा.

सत्तरी उलटली आणि चेंडू नाल्यात पडायला लागला. मोतीराम जास्त जोर लावायला लागला. जोर लावला की चेंडू वाकडा जाई, वाकडा गेला की त्याला राग येई, आणि रागात तो आणखी जोरात मारी. अशाच एका सकाळी खांद्यात काहीतरी दोर तुटल्यासारखं तटकन तुटलं. काठी हातातून गळाली. चिखलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्नायू फाटलाय, दुखणं जाईल, पण हात खांद्याच्या वर नेऊ नका. गोल्फचं विचारायचं मोतीरामच्या ओठांवर आलं होतं, पण त्यानं ते विचारलंच नाही. घरी आल्यावर पिशवी माळ्यावर गेली.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मोतीराम दुपारी बाजेवर पडला की त्याला कामठीचं मैदान दिसे. ओलं, हिरवं, कुठं संपतं ते न कळणारं. त्यात मारलेला चेंडू वर वर जाई आणि खाली येतच नसे. त्या उडणाऱ्या चेंडूखालून तो चालत राही, पायांना गवताचा गारवा लागे. जाग यायची तेव्हा दोन्ही हातांच्या मुठीत गोधडीचं टोक घट्ट धरलेलं असायचं, काठी धरतात तसं. त्याची बायको रुक्मिणीबाई उंबऱ्यात डाळ निवडत बसलेली असायची. ती हे पाहायची आणि पुन्हा डाळ निवडायला लागायची.

दिवाळी सरली. एका सकाळी मोतीराम उठला तर रुक्मिणीबाई घरात नव्हती आणि माळ्यावर पिशवी नव्हती. तो तसाच गायरानाकडे निघाला. धुक्यातून बारीकसा आवाज येत होता. टुक्‌. थोड्या वेळानं पुन्हा टुक्‌. जवळ गेल्यावर दिसलं, रुक्मिणीबाई लुगड्याचा पदर खोचून, सगळ्यांत आखूड काठी झाडूसारखी धरून चेंडूला डब्याकडे लोटत होती.

"हे काय करून राह्यली?" मोतीरामनं विचारलं.

"याच्यात काय हाये, थे पाहून राह्यली. तुमी झोपीतबी हेच खेळता."

मोतीराम खाली बसला. आपला हात आता वर जात नाही, हे त्यानं तिला सांगितलं, जसं काही तिला ते ठाऊकच नव्हतं.

"मंग वर नेता कशाले?" ती म्हणाली. "मी कुठी नेली वर?"

तिनं काठी त्याच्यापुढे धरली. मोतीरामनं ती घेतली, कमरेपर्यंतच मागे नेली आणि पाळण्याची दोरी सोडावी तशी सोडली. चेंडू जमिनीलगत उडाला, दोन टप्पे घेऊन घरंगळला आणि थांबला. लांब गेला नव्हता, पण गेला तो नाकासमोर. खांदा दुखला नाही. मोतीरामला वाटलं, इतकी वर्षं आपण चेंडू दृष्टीआड व्हायची वाट पाहिली. तो थांबतो कसा, हे कधी पाहिलंच नव्हतं.

मग तो नव्यानं शिकायला लागला. आधी कोवळ्या उन्हात हात झुलवायचे, अंग गरम होऊ द्यायचं. पाय जरा जवळ घ्यायचे, खांदा नाही तर कंबर वळवायची, आणि फटक्याच्या वेळी श्वास सोडायचा. काठी मुठीत आवळायची नाही, चिमणीचं पिल्लू धरावं इतपतच धरायची. कर्नल हेच सांगायचा, तेव्हा तरणेपणी ते कानाआड गेलं होतं. डब्यांजवळची जमीन खडबडीत होती, चेंडू उड्या मारायचा. रुक्मिणीबाईनं मुरमाची माती टाकून, चोपून, तिथं अंगणासारखं गोल सारवलं. सारवण वाळल्यावर चेंडू त्यावरून पाण्यावरून जावा तसा बिनआवाज जाऊ लागला.

अब्दुल गनीही यायला लागला. त्याचं गादीभांडार होतं, ते आता त्याचा मुलगा अकील पाहायचा. मोतीरामचा हा जुना दोस्त आधी नुसता उन्हाला येऊन बसायचा, मग एक दिवस त्यानं काठी मागितली. एक डोळा मिटून तो इतका वेळ नेम धरायचा की तोवर रुक्मिणीबाईचा पदर रानभाजी खुडून भरायचा. मोतीराम कुरकुरला की म्हणायचा, "भाऊ, जल्दी काऊन करता? डबा कुठी पळून चालला का?" तिघं म्हातारे सकाळभर गायरानावर फिरायचे. कुणाचे किती फटके झाले याची फिकीर कुणालाच नसायची.

त्या हिवाळ्यात कामठीहून फोन आला. निवृत्त सैनिकांचा मेळावा होता, सकाळी ज्येष्ठांसाठी गोल्फ. मोतीराम नाहीच म्हणत होता. त्याचा तो आखूड फटका गायरानावर ठीक, तिथं चारचौघांत कोण दाखवणार. रुक्मिणीबाईनं ते ऐकून घेतलं आणि स्वतःचं लुगडं पिशवीत भरायला घेतलं. तिला ते गवत पाहायचं होतं.

मैदान तसंच होतं, बाजेवरून दिसायचं तसं. कडेला येताच रुक्मिणीबाईनं चपला काढून हातात घेतल्या. त्याची काही गरज नाही, हे मोतीरामनं तिला सांगितलं नाही.

त्याच्याबरोबर दोन धिप्पाड सुभेदार खेळत होते. त्यांचे चेंडू लांब जायचे, कधी झाडीत, कधी वाळूत. मोतीरामचा चेंडू मागे राहायचा, पण वाटेवर राहायचा. तळ्यापाशी आल्यावर त्याचं अंग जुन्या सवयीनं ताठ झालं. याच पाण्यावरून त्यानं कितीदा चेंडू पार केला होता. त्यानं श्वास सोडला आणि पाण्याच्या कडेनं, दोन छोट्या फटक्यांत, वळसा घेतला. सुभेदारांतल्या एकाचा चेंडू पाण्यात बुडाला. मोतीरामचा भोकाच्या उतारावर थांबला होता. त्यानं तो हलकेच ढकलला. चेंडू कितीतरी वेळ जात राहिला, कडेवर रेंगाळला आणि आत पडला.

शेवटी तो कुठंतरी मधल्या नंबरात आला, त्याचं नाव कुणी पुकारलं नाही. जेवणं झाली, माणसं पांगली. रुक्मिणीबाई अजून गवतातच उभी होती. "मले एक मारू देतीन का इथं?" तिनं विचारलं. मोतीरामनं राखणदाराला विचारलं, त्यानं होकाराची मान डोलावली.

तिनं मारला. चेंडू उन्हात कुठं पडला ते दोघांनाही दिसलं नाही. ते त्या दिशेनं हळूहळू चालायला लागले. ती गवताविषयी विचारत होती, रात्री दव पडतं का, गुरं शिरत नाहीत का, आणि तो सांगत होता. बोलण्याच्या नादात चेंडू कधी मागे राहिला ते कळलं नाही. कुणीही मागे वळून पाहिलं नाही.