दुसऱ्या पाइपाचं पाणी

पाण्याच्या कॅनला तळाशी पांढरा थर धरतो बघा. रोज थोडा थोडा. एक दिवस घासाया जावं, तर निघत न्हाई. आमच्या गावच्या फिल्टर प्लांटचे किस्से तसेच साचले. मी तिथं ऑपरेटर होतो. म्हंजी बटन दाबायचो, आन लाईट गेली की शिव्या खायचो.

*

बोअरचं पाणी खारट, म्हणून प्लांट आला. उद्घाटनाला औंढ्याहून पाहुणे आले. फीत कापली, टाळ्या वाजल्या, आन लाईट गेली! लोडशेडिंगला पत्रिका कोण धाडणार?

सरपंच काका घामाघूम. मी गुपचूप नाल्याकाठच्या बंजारा तांड्यावर पळालो. तिथं सोमला आजाची विहीर. पाणी तांड्यापुरतंच, पर गोड! घागर आणली, संगं आजा बी आला. मी स्टीलचा ग्लास भरून पाहुण्याच्या हातात दिला.

पाहुणा डोळे मिटून म्हणाला, "वाह! मशीनचं पाणी ते मशीनचं पाणी!"

मागं बसलेल्या आजानं मला विचारलं, "काय म्हनला रं सायेब?"

"आजा, तुमच्या विहिरीला मशीन म्हनला!"

आजा इतका हसला की पागोटं सुटलं.

*

मशीनला दोन पाइप. एकातून गोड पाणी, दुसऱ्यातून उरलेलं. ते बोअरपेक्षा बी खारं.

काकांनी इंजिनिअर साहेबाला धरलं. "अर्धं पाणी काहून फेकून राहिले?"

"सगळा खार त्यातच जातो, काका."

"मंग ते बी मशीनमधून काढा!"

"त्याला दुसरं मशीन लागतं, महागडं. आणि त्याच्यातूनही खारं उरतंच."

"मंग त्या उरलेल्याला?"

"तिसरं."

काका मटकन बसले. "म्हंजी आमच्या भावकीची वाटणीच की! कितीदा बी करा, भांडण उरतंच!"

*

साहेबाकडं कंपनीचं पुस्तक होतं. त्यात लिहिलेलं, खारं पाणी समुद्रात सोडावे. पुस्तक किनाऱ्यावरच्या प्लांटचं, मशीन आमच्या गावात.

मी अदबीनं विचारलं, "साहेब, समुद्राला कोणत्या फाट्यावर उतरायचं?"

साहेब पुस्तकाची पानं उलटू लागले. काकाच गंभीरपणे म्हणाले, "परभणीला गाडी बदलावी लागंल."

*

मंग ठरलं, हे पाणी उन्हात आटवू. साहेबानं प्लास्टिकचं अस्तर लावलेल्या तलावाचा खर्च सांगितला. प्लांटाहून जास्त!

काका म्हणाले, "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. आन मसाल्यात बी नुसतं मीठच!"

शेवटी खड्डा खणून जुनी ताडपत्री अंथरली. कडंला मीठ धरलं. ते बघून आजाच्या शेळ्या घुसल्या. खुरांनी ताडपत्रीची चाळणी केली, एकदा चाटलं, आन फुरफुरत पळाल्या.

आजाचं तोंड उतरलं. "आमचे बापजादे बैलाच्या पाठीवर मीठ घेऊन मुलुख फिरले. तुमी घरबसल्या मीठ पाडून राहिले, आन ते शेळी बी खाईना!"

*

राहता राहिला नाला. पाइप तिकडं वळवायचा, खर्चच न्हाई! साहेब म्हणाले, "पावसात वाहून जाईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. म्या बी. पाऊस काही त्या मीटिंगला हजर नव्हता.

आजानं हात वर केला. "पर हे पाणी जाणार कुठं?"

"खाली," काका म्हणाले.

"खाली तर आमीच ऱ्हातो."

तेवढ्यात चहा आला.

*

दोन उन्हाळे गेले. पाऊस जेमतेमच झाला. तांड्यावर डाळ शिजंना. आजाच्या विहिरीच्या पायऱ्यांवर तसाच पांढरा थर धरला.

काकांनी साहेबाला फोन लावला. साहेब म्हणाले, "आता त्या विहिरीवरच एक मशीन बसवावं लागेल."

"आन त्याचं उरलेलं?"

फोन कट!

*

एका सकाळी प्लांटच्या रांगेत आजा दिसला. पागोटं घट्ट बांधलेलं, खांद्यावर रिकामा कॅन. रांग आपोआप बाजूला झाली.

मी कॅन भरायला लावला. तवर काय करावं कळंना, म्हणून ग्लास भरून आजाच्या हातात दिला. तोच, स्टीलचा.

आजानं घोट घेतला. तोंडात घोळवला. मंग डोळे मिटले, आन सगळ्या रांगंला ऐकू जाईल असं म्हणाला,

"वाह! मशीनचं पाणी ते मशीनचं पाणी!"